चुकारा हातात आल्यावरचे पंधरा दिवस

वावरातला (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी.

मंदीचं बोलणं आता गावच्या पारावर येऊन पोचलं आहे. अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५पासून आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, आपल्याकडं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठलं आणि ते ३१ डिसेंबर २०२५पर्यंत उठलेलंच होतं. हे आम्हाला समजते ते खेडा खरेदीच्या गाडीवाल्याच्या तोंडून. "बाहेरच्या गाठी येऊन राहिल्या, भाऊ. द्यायचा तर द्या." लांब धाग्याचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. पण पहिल्या वेच्याचा कापूस ओला, घरात मजुरीचे पैसे नाहीत, म्हणून माणूस देऊन मोकळा होतो.

भाव आपल्या हातात नाही, त्याच्यावर दुसरीकडं खूप बोलणं झालं आहे. घरात काय आपल्या हातात आहे, त्याच्याबद्दल हा धागा काढतो आहे.

पगारदाराला शिस्त पाळायची संधी दर महिन्याला मिळते. आपल्याला वर्षातून दोनदा मिळते, सोयाबीन विकल्यावर आणि कापूस गेल्यावर. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, खात्यात आला की पंधरा दिवसांत त्याचं काय होते, त्याच्यावर पुढचं वर्ष ठरते. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि कसं कळलं ते सांगतो.

तीन वर्षांआधी पोळ्याच्या महिन्यात माझी झोप गेली. रात्री दोन-अडीचला डोळा उघडायचा. कोणाचं किती देणं आहे ते मनातल्या मनात मोजायचो आणि दरवेळी आकडा वेगळा यायचा. त्याच्या आदल्या वर्षी गावात एका घरी जे घडलं, त्यानं अख्ख्या गावानं पोळ्याला चूल पेटवली नव्हती. बायकोच्या मनात तेच घोळत असणार. एका रात्री तीच उठून बसली, लाइट लावला, पोरीची अर्धी कोरी वही काढली आणि म्हणाली, "सांगा. मी लिहिते."

सोसायटीचं पीककर्ज १,२०,०००. कृषी केंद्राची उधारी ४६,०००. साळ्याकडून हातउसने ३०,०००, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या नावावर फायनान्स कंपनीच्या बायकांच्या दोन कर्जगटांचे मिळून ६२,००० बाकी. त्यातला दुसरा गट मला माहीत नव्हता; पोरीच्या होस्टेलसाठी घेतला होता आणि माझ्या डोक्याला ताप नको म्हणून सांगितला नव्हता. आणि सोनाराकडं तिची पोत गहाण, ४०,०००, शेकडा तीननं. बेरीज आली २,९८,०००. मी दोन लाख धरून बसलो होतो.

आकडा माझ्या अंदाजापेक्षा लाखानं मोठा निघाला आणि त्या रात्री मी सकाळपर्यंत झोपलो. याचं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं. मला वाटते, भीती देण्याची कमी होती आणि ते एकट्यानं लपवून धरण्याची जास्त होती.

दुसऱ्या दिवशी पोरीनं हिशेब करून दाखवला. पोतीचे महिन्याला १,२०० म्हणजे वर्षाला १४,४००. पोत तीन वर्षं तिथं होती. ४३,२०० व्याज भरलं होतं, मुद्दलाहून जास्त, आणि पोत सोनाराच्याच तिजोरीत. एवढे पैसे घरातून गेले आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण महिन्याला बाराशे जाताना दिसतच नाहीत.

त्या दिवाळीला सोयाबीन १५ क्विंटल झालं, ५,२००नं गेलं. ७८,००० आले. पहिल्याच दिवशी ४०,००० देऊन पोत सोडवली. सोंगणी-मळणीचे १४,००० चुकते केले. १०,००० बायकोच्या पोस्टाच्या खात्यात टाकले, ते घरात आजारपण आलं तरच काढायचे असं ठरवलं. उरलेल्या १४,०००मध्ये दिवाळी आणि किराणा. नवीन कपडे फक्त पोरीला. त्या दिवाळीत नातलगांत थोडी बोलणी ऐकली, ती खरंच लागली.

बाकीचं देणं फिटायला पुढचे दोन हंगाम गेले. आज सोसायटी सोडून कोणाचं देणं नाही. पण यंदा पावसानं सोयाबीनची झडती (उतारा) एकरी दोन क्विंटलवर आणली आहे. हातात कमी पैसा येणार आणि मोह जुनेच. तुम्ही कसं करता, ते मोकळेपणानं लिहा.

जुना गटसचिव (अमरावती)

वावरातला भाऊ, मी ३४ वर्षं सेवा सहकारी सोसायटीत काढली. तुम्ही पोत आधी सोडवली आणि सोसायटी नंतर भरली, हा क्रम बरोबर होता. गावात बहुतेक जण उलटं करतात, कारण सोसायटीचा कागद घरी येतो आणि सोनार काही बोलत नाही.

आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. खरिपाच्या कर्जासाठी ३१ मार्च लक्षात ठेवायची. म्हणजे हे कर्ज वेळेवर भरायचं, पण नोव्हेंबरातच भरायची घाई नाही. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ते आधी.

आता ज्या गोष्टीची मला नोकरीत असताना सर्वांत जास्त चीड यायची ती सांगतो. मार्चमधलं 'नवं-जुनं'. घरात पैसा नसतो, मग आठ-दहा दिवसांसाठी कोणाकडून तरी लाख-सव्वा लाख उचलायचे, सोसायटी भरायची, नवं कर्ज मंजूर झालं की ते परत करायचे. त्या दहा दिवसांचे शेकडा दोन द्यावे लागतात. १,२०,०००वर २,४००. कागदावर कर्ज बिनव्याजी, आणि कास्तकाराच्या खिशातून दरवर्षी २,४०० जातात. शिवाय मुद्दल एका रुपयानंही कमी होत नाही. मी अशी खाती पाहिली आहेत जी वीस वर्षं नवं-जुनं होत राहिली आणि बापाचं कर्ज मुलाच्या नावावर आलं.

ज्याला यातून सुटायचं आहे त्यानं कापसाच्या प्रत्येक गाडीमागं ठरावीक रक्कम बाजूला काढावी. पूर्ण १,२०,००० जमणार नाहीत, मान्य. पण ४०,००० आपले असले तर उचल ८०,०००चीच करावी लागते. पुढच्या वर्षी ६०,००० आपले.

आणि शेकडा तीननं पैसा देणारा परवानाधारक असो की बिनपरवान्याचा, २०१४च्या सावकारी कायद्याखाली ठरलेल्या दरांत ते कुठंच बसत नाही. बिनपरवाना सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. अशी जमीन परत आलेली घरं माझ्या माहितीत आहेत.

बचतगटवाली ताई (वाशिम)

भाऊ, तुमच्या बायकोनं वही काढली हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या गटात बारा जणी. चौघींच्या घरी नवऱ्याला फायनान्सच्या कर्जाचा पूर्ण आकडा माहीत नाही, आणि त्या चौघींनाही नवऱ्याच्या उधारीचा माहीत नाही. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही जागे असतात.

फायनान्सच्या गटांबद्दल थोडं लिहिते, कारण आमच्या गावात सोमवारचा गट, बुधवारचा गट, शुक्रवारचा गट असे वार पडले आहेत. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचलायचं. एका हप्त्याला एक बाई आली नाही तर बाकीच्यांनी भरायचं, म्हणून बायका एकमेकींच्या दारात बसून राहतात. मैत्रिणी तुटल्या यात. माझीही एक तुटली आणि ती अजून बोलत नाही.

रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२पासून असे आहेत: घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, वसुलीवाल्यानं सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६च्या नंतर त्रास द्यायचा नाही, शिवीगाळ-धमकी नाही. हे छापून आम्ही समाजमंदिरात लावलं. पहिल्यांदा जेव्हा एका पोरानं रात्री साडेआठला दार वाजवलं तेव्हा तिघी जणींनी त्याला तिथं नेऊन ते वाचायला लावलं. पोरगाही गरिबाघरचाच होता, त्याच्यावरही वरून दबाव असतो. पण परत रात्री आला नाही.

आपल्या बचत गटाची पाच सूत्रं सगळ्यांना पाठ असतात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब लेखन. पहिली चार होतात. पाचवं मागं पडतं, आणि गट फुटतो तो तिथंच. आमचा गट २०२०च्या टाळेबंदीत टिकला तो वहीमुळं. हप्ते तीन महिने थांबवले, कोणाचं किती थांबलं ते लिहून ठेवलं, दिवाळीनंतर एकाही बाईनं वाद घातला नाही.

आणि ज्यांना रात्री अडीचला जाग येते त्यांच्यासाठी: १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आमच्या गटातल्या एकीनं तिच्या दिरासाठी लावला होता. लाज वाटायचं काही कारण नाही, ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना.

सातबारा नसलेला (वर्धा)

भाऊ, ताई, काका, तुमचं सारं वाचलं. चांगलं लिवलं. पण मले एक सांगा, हे ज्याच्या नावानं सातबारा हाय त्याच्यासाठी हाय ना? मी मक्त्यानं वावर करतो, पाच एकर. मक्त्याचे पैशे मालकाले गुढीपाडव्याले रोख द्या लागते, पेरणीच्या आधी. सोसायटी मले दारात उभी करत नाही. नुकसानीचा सर्वे झाला तं पैशे मालकाच्या खात्यात जाते. त्यानं देल्ले तं देल्ले. औंदा माहं सोयाबीन पाण्यात गेलं अन् अनुदान त्याले भेटलं. मी मांगाले गेलो नाही, कारण पुढच्या साली वावर भेटलं पाहिजे.

शिस्त पाळाले आधी हातात काई उराले पाहिजे. माही बायको रोजानं निंदाले जाते, तिचे पैशे किराण्यात जाते. सांगा काय बाजूला काढू? मी वाद घालाले नाही आलो. मले खरंच पाहिजे हाय उत्तर.

वावरातला (यवतमाळ जिल्हा)

दादा, तुमचा प्रश्न वाचून दिवसभर वावरात तेच डोक्यात होतं. मी सात एकराच्या जोरावर लिहिलं, हे खरं आहे. तुमच्या जागी मी असतो तर पोत सोडवायलाही काही उरलं नसतं. मी उगाच उत्तर देत नाही. काका, तुम्हाला काही सुचते का?

जुना गटसचिव (अमरावती)

सातबारा नसलेला भाऊ, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ही व्यवस्थेची चूक आहे, तुमच्या शिस्तीची नाही. हे आधी मान्य करूनच पुढचं लिहितो.

मक्त्याची शेती करणाऱ्यांसाठी नाबार्डची संयुक्त दायित्व गटाची पद्धत आहे. ४ ते १० जण एकत्र येतात, एकमेकांची हमी घेतात, सातबारा तारण लागत नाही. बँक शाखा टाळाटाळ करते, पण चार-पाच मक्तेदार एकत्र गेले आणि लेखी अर्ज देऊन पोच घेतली तर फरक पडतो. मालकाशी संबंध चांगले असतील तर मक्ता तोंडी न ठेवता लिहून घ्या. निदान नुकसानीचे पैसे आले तर वाटणी कशी, एवढी एक ओळ तरी. मालक नाही म्हणेल कदाचित. पण पाडव्याला मक्ता ठरवताना विचारलं तर तो मोसमानंतर विचारण्यापेक्षा सोपा प्रश्न असतो.

दुसरं, अगदी थोड्या पैशात होणारं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. जीवन ज्योती वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख, १८ ते ५० वयात घेता येतो. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. इथंच घोळ होतो. मे महिन्यात खात्यात पैसे नसतात, विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते कळतं फार उशिरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोघा नवरा-बायकोच्या खात्यात पाचशे-पाचशे ठेवा, एवढंच करा.

पुण्यातला वऱ्हाडी (मूळ बुलडाणा जिल्हा)

मी या धाग्यावर उलट्या बाजूनं आलो आहे. मी पगारदार आहे. कंपनीत माणसं कमी करणं चालू आहे आणि माझा नंबर लागू शकतो. गावी दर महिन्याला १२,००० पाठवतो. बाबांना नोकरीचं हे सांगितलेलं नाही. वावरातला भाऊ, तुमचं वाचून काल फोन केला आणि सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग औंदा घराचा स्लॅब नाही टाकत." त्यांनी सिमेंटचा इसार द्यायचं ठरवलं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आमच्या मामांची जमीन समृद्धी महामार्गात गेली. मोबदला आला, घरात कधी न पाहिलेली रक्कम. त्यांनी ती एका पतसंस्थेत ठेवली, कारण बँकेपेक्षा व्याज बरंच जास्त आणि माणसं ओळखीची. संस्था बंद पडली. मामा आता दर मंगळवारी त्या बंद शटरसमोर इतर ठेवीदारांबरोबर जाऊन बसतात.

तेव्हा मला समजलं की बँकेतल्या ठेवीला विमा असतो, एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२०पासून आहे, आधी १ लाख होती. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. 'बँक' आणि 'पतसंस्था' या पाट्यांतला फरक गावात कोणी सांगत नाही, कारण आतली माणसं आणि टेबलं सारखीच दिसतात. पोस्टातल्या पैशामागं तर थेट केंद्र सरकार आहे. भाऊ, तुम्ही वहिनींच्या नावानं १०,००० पोस्टात टाकले, फार चांगलं केलं.

पऱ्हाटीवाले आजोबा (अकोट)

माझं वय ७६. कापूस एकाधिकार योजना (कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा) १९७२ साली आली तेव्हापासूनचे चुकारे मला आठवतात. तेव्हा पैसा हप्त्याहप्त्यानं यायचा आणि लोक शिव्या घालायचे. पण एक होतं, एकदम हातात न आल्यामुळं एकदम जायचाही नाही.

भावाच्या मागं धावणाऱ्यांना सांगतो. २०२२च्या सुरुवातीला कापूस १०,०००च्या वर गेला. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तोच आकडा धरून कापूस घरात भरून ठेवला, मीही ठेवला. झोपायच्या खोलीत कापूस, लेकरांच्या अंगाला खाज, आणि मे महिन्यात ७,०००च्या आसपास द्यावा लागला. तेव्हापासून मी तीन भाग करतो. एक आल्याबरोबर, देणी चुकवायला. एक संक्रांतीच्या सुमारास. एक ठेवतो, आणि त्याचा भाव आला नाही तरी हळहळ करत नाही, कारण देणी फिटलेली असतात.

सोयाबीन-तुरीसाठी बाजार समितीच्या गोदामात तारण योजना आहे. किमतीच्या ७५ टक्के रक्कम, वर्षाला ६ टक्के व्याज, १८० दिवस. ६३,००० उचलले तर सहा महिन्यांचे १,८९० पडतात. माल पडत्या भावात विकावा लागत नाही. पण भाव वाढेलच असं धरू नये. मागच्या हंगामात थांबलेल्या सोयाबीनवाल्यांना काही मिळालं नाही.

आणि लग्नं. गाडगेबाबा आपल्याच मुलखातले. कर्ज काढून सण-जेवणावळी करू नका, हे ते कीर्तनात रडून सांगायचे, असं माझे वडील सांगत. माझ्या नातीचं लग्न मागच्या वर्षी दीडशे माणसांत केलं. सोयऱ्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांचा जीव आमच्याहून हलका झाला.

बचतगटवाली ताई (वाशिम)

आजोबा, दीडशे माणसांत! आमच्याकडं हे बोलायची हिंमत कोणी करत नाही. तुम्ही केलंत, आता मी तुमचं उदाहरण बैठकीत सांगणार.

कर्जमाफीबद्दल मात्र काकांना विचारायचं आहे. आमच्या गावात लोक म्हणतात, सरकारनं २०२५मध्ये म्हटलं होतं की ३० जून २०२६पर्यंत निर्णय घेऊ, मग मार्चमध्ये भरायचं काहून?

जुना गटसचिव (अमरावती)

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, ताई. खोटं बोलणार नाही. २०१७ला दीड लाखापर्यंत आणि २०१९ला दोन लाखांपर्यंत माफी झाली तेव्हा थकलेल्याला फायदा झाला आणि वेळेवर भरणारा बघत राहिला. २०१९च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५०,०००पर्यंत प्रोत्साहन होतं. पण त्याच योजनेत दोन लाखांच्या वर थोडीशी बाकी असलेला माणूसही बाहेर राहिला. आणि २००८ला पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. आपल्या कोरडवाहूतला सात-आठ एकरवाला, ज्याच्याकडं खायला नव्हतं, तो 'मोठा शेतकरी' ठरला.

म्हणजे अट कोणती येईल, तारीख कोणती धरतील, हे कोणालाच आधी कळत नाही. मुद्दाम थकवलं तर शून्य टक्क्याची सवलत जाते, जूनमध्ये नवं कर्ज मिळत नाही आणि पेरणीला माणूस परत शेकडा तीनच्या दारात जातो. ज्याच्याकडं खरंच पैसा नाही त्याला मी काय सांगणार? त्यानं शाखेत जाऊन पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाची मुदत वाढवून हप्ते पाडण्याचा, लेखी अर्ज द्यावा. पण ज्याच्याकडं आहे त्यानं भरावं, असं मला वाटतं. मी माझ्या मुलाला हेच सांगितलं आहे.

सातबारा नसलेला (वर्धा)

काका, आमच्या गावात आमी सहा जण मक्त्यानं करतो. काल रात्री त्यातल्या चौघांले बोलावलं. अर्जाचं काढलं. दोघं हो म्हनले, एक म्हनला पाहू, एकानं हात झटकले. मालकाले पाडव्याले इचारतो. आधी कधी इचारलंच नव्हतं.

वीस रुपयेवाला इमा बायकोचा चालू हाय, माहा बंद पडला होता. पासबुकात पाह्यलं तवा समजलं.

वावरातला (यवतमाळ जिल्हा)

दादा, चार जण होत नसतील तर एक जण आणखी शोधा, पण अर्ज देऊन पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. काय झालं ते इथं लिहा, आमच्या गावातही मक्तेदार आहेत, त्यांना वाचून दाखवतो.

आज संध्याकाळी बायकोला हा धागा पूर्ण वाचून दाखवला. तिनं दोन गोष्टी वहीत लिहिल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही खात्यात पाचशे, ही एक. आणि कापसाच्या प्रत्येक गाडीमागं सोसायटीसाठी ५,००० पोस्टात, ही दुसरी. यंदा तीनच गाड्या निघतील असं दिसते. म्हणजे १५,००० होतील, बाकीच्यासाठी मार्चमध्ये पाहू.

हरभऱ्याच्या बियाण्याला पैसे कमी पडून राहिले आहेत. काल माझ्या तोंडून निघून गेलं होतं, पोत पंधरा दिवसांसाठी ठेवू का म्हणून. ती काही बोलली नाही, वहीतलं ते ४३,२००चं पान उघडून समोर ठेवलं. आता पाच एकराऐवजी तीनच एकर हरभरा पेरतो, बियाणं तेवढंच घरचं आहे.

ताई, तुमच्या गटाच्या हिशेबाच्या वहीचं एक पान दाखवता येईल का, नावं झाकून? आमच्या वहीत रकाने नीट पडत नाहीत. हातउसने आणि कर्ज एकाच ठिकाणी लिहिलं जाते आणि नंतर पोरीला वेगळं करत बसावं लागते.